खड्ड्यात गाय उभी करा

चंद्रपूरकडच्या एका उघड्या खाणीवर मी चार वर्षं झाडं लावली आणि त्यातली बहुतेक मेली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी फार शहाणी वाटायला नको.

बी.एस्सी. झाल्या झाल्या मला तिथं रोजंदारीवर घेतलं होतं. उघडी खाण म्हणजे बोगदा नव्हे. वरची जमीन सोलून काढायची आणि खालचा कोळसा उचलायचा. सोललेली माती, मुरूम, दगड बाजूला टाकत जातात आणि त्याचे डोंगर होतात. तिकडे लहानथोर सगळे त्या डोंगरांना ओबी म्हणतात. त्या ओबीवर झाडं लावायची हे आमचं काम. माझ्या हाताखाली पंधरा-वीस बाया होत्या आणि त्या सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ओबी म्हणजे उलटी केलेली जमीन. जे खोल तळाशी होतं ते वर आलेलं, आणि वरची जी वीतभर जिवंत माती, ती सगळ्यात आधी सोलली म्हणून सगळ्यांच्या खाली गाडलेली. उन्हाळ्यात तो काळा दगड इतका तापायचा की चपलेतून चटका बसायचा आणि रोपाची साल जमिनीलगत भाजून निघायची. साहेबांना झाडं हवी असत, कारण झाड फोटोत दिसतं. आम्ही खड्डे घ्यायचो, रोपं लावायचो, साहेब फोटो काढून जायचे, आणि होळीपर्यंत नुसत्या काटक्या उरायच्या. एकदा मी म्हटलं, "साहेब, आधी माती आणा, मग गवत येऊ द्या. झाडाचं नंतर पाहू." ते म्हणाले, "मॅडम, गवत लावायचा पगार कोण देणार? जगेल ते जगेल." अंगाचा तिळपापड झाला, पण रोजंदारीवरच्या पोरीनं साहेबाला काय बोलायचं!

एकाच ओबीवर न लावता हिरवळ आली. का, ते मी शोधून काढलं. ठेकेदाराच्या माणसांनी कंटाळा करून शेतातली वरची माती लांब न नेता तिथेच वर ओतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिथं तरोटा उगवला, मग गवत, मग बोरी-बाभळी. आम्ही घाम गाळून जे केलं नाही ते कुणाच्या तरी आळसानं झालं. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसले. वरची वीतभर माती परत दिली, तर जमीन स्वतःचं स्वतः बघते.

मग लग्न झालं. नवरा आमच्याकडचाच, पण मुंबईत एका ऑफिसात कारकून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या त्यानं घेतल्या होत्या. शेजारी गुजराती, मारवाडी, रत्नागिरीचे, रायगडचे. भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, मराठी उरली ती चार-दोन घरांत आणि नवऱ्याशी भांडायला. सगळे मला वऱ्हाडी म्हणत. चंद्रपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे हे सांगून सांगून मी थकले आणि शेवटी वऱ्हाडीच झाले.

एकदा गच्चीवर पापड वाळत घालायला गेले, तर शेजारच्या मोरवा गावापलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक लाल-पिवळी खाच दिसली. मला कुणी सांगावं लागलं नाही. खाण मी ओळखते. तिथला मुरूम ट्रक भरभरून यायचा आणि मिठागरांत, भातशेतांत भराव म्हणून पडायचा. मग त्यावर बिल्डिंगा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आपली बिल्डिंग त्याच मुरमावर उभी आहे वहिनी. एकदम पक्की." मला काही त्याचं कौतुक वाटलं नाही. खाण सोडून आले असं मी समजत होते आणि खाणीच्या डोक्यावरच संसार मांडला होता.

तो डोंगर कुणाचा, हे मी बाजारात विचारत सुटले. माठाच्या जुड्या आणि वालाच्या शेंगा घेऊन बसणाऱ्या मोरव्याच्या एका म्हातारीनं मान वर न करता सांगितलं, "वरचा सरकारचा. खालचा तुकडा माजा." तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. तुकडा वीस गुंठ्यांचा. पूर्वी तिथं गवत व्हायचं आणि ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. तिच्या नवऱ्यानं तो एका मुरूमवाल्याला पाच वर्षं खणायला दिला. नवरा गेला, पाच वर्षं संपली, मुरूमवाला निघून गेला. मागं राहिला खड्डा. जमीन आता मावशीच्या नावावर होती आणि थोरल्या मुलाला ती विकायची होती.

मुलगा वाईट नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि म्हणूनच जास्त राग यायचा. वाईट माणसाशी भांडणं सोपं. तो भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात लेथवर होता, मोरव्याच्या घरात एका खोलीत बायको आणि तीन मुलं घेऊन राहायचा. गिऱ्हाईक मिळालं होतं. त्या खड्ड्यात पाडलेल्या घरांचं रॅबिट भरून वर गाळे काढणार होते.

त्या दिवशी मी शेंगांच्या निमित्तानं मावशीच्या पडवीत बसले होते आणि माझ्यासमोरच त्यांचं जुंपलं.

"आये, हाय काय त्या खड्ड्यात? दगूड! पार्टी तयार हाय. तू नुसता आंगठा दे."

"तुज्या बापाचा डोंगर हाय तो."

"व्हता. आता मेलाय. त्याच्यावर गवताची काडी येनार न्हाय."

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी तोंड उघडलं. "येणार. वरची माती नेली म्हणून नाही येत. माती परत टाका, येते की नाही पहा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोन?"

"मी खाणीवर काम केलंय. कोळशाच्या."

"आनि तिथं आनलंत गवत?"

खरं उत्तर 'नाही' होतं. मी म्हटलं, "आणलं."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मंग आना हिथं. तीन पावसाले देतो. तिसऱ्या पावसानंतर त्या खड्ड्यात गाय उभी करा. पोटभर चरली तर मी इकायचं नाव काढनार न्हाय. न्हाय चरली तर आये, तू गुमान आंगठा द्यायचास. हाय कबूल?"

मावशीनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, "हाय कबूल."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "जमीन आपली नाही, गाव आपलं नाही, गायसुद्धा आपली नाही. तू कशाला मधे पडलीस?"

"आपण तिच्या डोंगरावर झोपतो म्हणून."

त्यानं कप उचलला आणि चहा संपवला. पण पुढच्या रविवारी बाजारातून एक फावडं आणि दोन घमेली घेऊन आला आणि दारामागं ठेवली. त्या माणसाला गोड बोलता येत नाही, पण फावडं आणता येतं.

माती कुठून आणायची हा प्रश्न चार दिवसांत सुटला. त्याच रस्त्याला खालच्या अंगाची शेतं भरावासाठी घेतली होती. भराव टाकायच्या आधी डोझर वरची मऊ माती खरवडून काढत होता आणि ट्रकवाले ती कुठं फेकायची म्हणून हिंडत होते. मी रस्त्यात उभी राहिले. एकानं थांबून विचारलं, "मैडम, ये काली मिट्टी किधर डालूँ? किसी काम की नहीं है."

"भैया, सब इधर डालो," मी म्हटलं. माझा आनंद पोटात मावेना. काळी माती! आमच्याकडच्या माणसाला काळी माती दिसली की अर्धं पोट भरतं. साठ-सत्तर ट्रक माती खड्ड्याच्या तळाला पडली. मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला उत्तनला गेली होती. तिची वाट पाहायची मला गरज वाटली नाही. नवरा आणि मी दोन रविवारांत जमेल तेवढी माती पसरली आणि मी करंज, शिसव, शिवण यांची रोपं आणून लावली.

हो, झाडं. साहेबाला गवत गवत म्हणून सांगणारी मी, पहिल्याच पावसाळ्यात झाडं लावली. कारण मलाही आता लांबून दिसेल असं काहीतरी हवं होतं. मुलानं रस्त्यावरून जाताना पाहावं आणि त्याचं तोंड बंद व्हावं, एवढीच माझी अक्कल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

श्रावणात पानांच्या कडा करपल्या. भर पावसात पानं करपतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. गणपती गेले आणि चार दिवस उघडीप पडली, तर ढेकळांवर पांढरी पूड दिसायला लागली. मला वाटलं बुरशी. मावशी लेकीकडून परतली ती थेट खड्ड्यात आली. तिनं रोपांकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"बाय, ही खाजनातली माती. खारी हाय."

"काळी आहे मावशी. चांगली कसदार..."

"ठेव जिबेवर."

मी ठेवली. मीठ होतं ते. साधं, खायचं, चक्क मीठ. जिथं भरतीचं पाणी शेतात शिरतं तिथली ती माती होती. मला ती रंगावरून ओळखता येईल असं वाटलं होतं.

"तुज्या गावाला काली माती गोड असंल," मावशी म्हणाली. "हिथं आदी चाखायची, मंग पेरायची."

मी तिथंच ढेकळावर बसले आणि रडले. वाईट वाटून नव्हे, रागानं. चार वर्षं खाणीवर काढलेली बाई मी, आणि मेलेल्या रोपांचा आणखी एक पावसाळा माझ्या नावावर. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावरून येताना वाट वाकडी करून आला, काटक्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "झाली शेती?" मी त्याला म्हटलं, "दोन पावसाळे उरलेत. मोजता येतं मला." आवाज चढलेलाच होता.

मावशी मात्र शांत होती. तिच्या लेखी हे रोजचंच होतं. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की त्या शेतात त्या साली पेरत नाहीत. शेत धुतात. चौकोन आखून बुटके बांध घालायचे, त्यात पावसाचं पाणी साठू द्यायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग बांध फोडून सोडून द्यायचं. पुन्हा बांध, पुन्हा पाणी. जमीन गोड होईपर्यंत.

"म्हणजे येता अख्खा पावसाळा काहीच लावायचं नाही?" मी विचारलं.

"न्हाय लावायचं."

"आणि मग एकच पावसाळा उरेल."

"उरंल," ती म्हणाली. "धुतल्याबिगर लावलंस तर एक पन न्हाय."

उन्हाळाभर आम्ही तिघांनी माती वीतभर जाडीची पसरली, तळाला आणि उताराच्या खालच्या भागालाही. दगड रचून ती धरली. दुसरा पावसाळा आम्ही माती धुण्यात घालवला; खड्ड्याची रस्त्याकडची बाजू उघडी होती, तिकडून खारं पाणी काढून द्यायचो. मला त्याहून कठीण काम कधी पडलेलं नाही, कारण दाखवायला काहीच नव्हतं. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत, "भात लावताय काय?" आणि आम्ही गढूळ पाण्याचे चौकोन फोडत बसलेलो. दर आठवड्याला मी चार कोपऱ्यांतली माती चाखायची. नवरा रविवारी आला की तोही चिमूट तोंडात टाकायचा आणि आमटी चाखल्यासारखा म्हणायचा, "मीठ किंचित जास्त आहे अजून." भांडणारी बाई हसली की जिंकल्यासारखं वाटतं त्याला, म्हणून मी हसायची नाही.

बिल्डिंगमध्ये बातमी पोचायला काय उशीर! जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं मला गाठलं आणि डोळे मिचकावत विचारलं, "भाभी, सुना है आप मिट्टी खाती हो? खुशखबर है क्या?"

"है ना," मी म्हटलं. "बीस गुंठे की."

तिला काही कळलं नाही. पण तिनं दोन दिवसांनी लिंबाचं लोणचं आणून दिलं, ते मी खाल्लं. नवरात्राच्या सुमाराला चारही कोपऱ्यांतली माती जिभेला नुसती माती लागली. मावशीनंही चाखली. ती थुंकली नाही, हेच तिचं प्रमाणपत्र.

तिसऱ्या पावसाळ्याला मी झाडांचं नावसुद्धा काढलं नाही. बी कुठून आणायचं हे मावशीला ठाऊक होतं. गवताच्या वखारी अजून होत्या तेव्हा, मुंबईच्या तबेल्यांसाठी भारे रचून ठेवायच्या. वखार रिकामी झाली की खाली जमिनीवर वीतभर केर उरतो. त्या केरात मारवेल, पवना, कुसळी, सगळ्यांचं बी. वखारवाल्याला तो झाडून नेणारं कुणी हवंच होतं. आम्ही दोघींनी नाकाला पदर बांधून चार पोती केर भरला आणि मृगाच्या आधी खड्डाभर उधळला. बी झाकलं जावं म्हणून वरून बोरीची काटेरी फांदी ओढली. एवढंच.

उगवलं. लिहायला एक शब्द लागतो, पण तो मी आजही सरळ बसून लिहू शकत नाही. आधी वाटलं शेवाळ आहे. मग त्यातून सुया वर आल्या. आषाढ संपेपर्यंत खड्ड्याचा तळ दिसेनासा झाला, श्रावणात गुडघाभर, भादव्यात कमरेएवढं. मी तिथं उभी राहून मोठ्यानं बोलायचे, त्या चंद्रपूरच्या साहेबाशी. काय बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्याच्या आधी मावशी विळा घेऊन आली. "चल, कापू. आता कवलं हाय."

"कापायचं नाही," मी म्हटलं. "आधी त्याला दाखवायचं. असंच उभं असताना."

"वाट बघशील तर जून व्हतं."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे मावशी. तो दसऱ्याला येतो म्हणालाय."

ती गवताकडे पाहत उभी राहिली. तिलाही मिरवायचं होतं, माझ्याइतकंच. तिनं विळा कमरेला परत खोवला. मुलगा दसऱ्याला आला नाही, कारखान्यात जादा काम होतं. दिवाळीला आला नाही, सासुरवाडीला गेला. मला वाटलं तो टाळतोय आणि त्याचाही मला आनंद झाला. कार्तिक निम्मा सरला तेव्हा तो आला, सुट्टीच्या दिवशी सकाळी, आणि बरोबर पार्टीचा माणूस, स्कूटरवर. नवरा माझ्या शेजारी उभा होता. मावशीनं मोरव्यातूनच शेजाऱ्याची गाय आणली होती.

गवत आता छातीएवढं होतं आणि सोन्यासारखं पिवळं. लांबून पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असं. मुलगा कडेला थांबला, आणि मला त्याच्या तोंडावर जे पाहायचं होतं ते दिसलंही, अर्धा क्षण. मग मावशीनं गाय आत सोडली. गाईनं मान खाली घातली, फुंकर मारली, आणि तोंड फिरवलं. पुन्हा थोडं पुढं नेलं. पुन्हा तेच. गवताच्या बियांना कुसळं आली होती, टोकदार, नाकातोंडात घुसणारी. जून कुसळी गवताला शहाणी गाय तोंड लावत नाही. हे मोरव्यातल्या कुणालाही माहीत होतं. मावशीला तर होतंच. तिनं मला सांगितलंही होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आये," मुलगा हसत म्हणाला, "गाय पन म्हन्तेय इका."

पार्टीचा माणूसही हसला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्यानं माझा दंड धरला, कारण मी पुढं जाऊन काहीतरी भयंकर बोलणार हे त्याला कळलं होतं. मावशी मात्र माझ्यावर ओरडली नाही. तिनं कमरेचा विळा काढला, गवतात शिरली आणि बरोबर मधोमध उकिडवी बसली. आम्हाला फक्त विळ्याचा आवाज येत होता, आणि पिवळ्या पेंढ्या बाजूला पडताना दिसत होत्या. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "आना तिला हिकडं."

मुलानं गाय नेली, मागोमाग मी. कापलेल्या जागी खाली हिरवं होतं. गच्च, ओलं, हिरवं. रानमुगाची वेल गवताच्या बुडाशी पसरली होती, आणि वरच्या उंच गवताच्या सावलीत तिथली ओल कार्तिकातही टिकून होती. ही वेल आम्ही पेरली नव्हती, केरातून आली होती. श्रावणात मी ती तण म्हणून उपटत होते, खाणीवर तसंच शिकवलेलं. मावशीनं तेव्हा माझं मनगट धरलं होतं आणि मी दिवसभर फुगून बसले होते.

गाईनं तोंड घातलं. या खेपेला ते वर आलं नाही. ओरबाडून खाण्याचा तो आवाज मी कितीही वर्षं ऐकू शकले असते. मावशी पुढं पुढं कापत गेली, गाय मागं मागं सरकत गेली. नवरा जाऊन पाणी घेऊन आला.  ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाय त्या कापलेल्या जागेत खाली बसली आणि रवंथ करायला लागली. पोट भरलं की नाही, हे आता तिला विचारायचं कारण नव्हतं.

मला रडू आलं, आणि या वेळी रागानं नव्हे.

पार्टीचा माणूस स्कूटरजवळून ओरडला, "एका गाईचं काय एवढं! उलट बरं झालं, हिरवळ आयती मिळाली. मी वाढवून देतो. बोला."

मुलानं त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आवाज खाली आला होता त्याचा. "आये, मी शबूद मोडत न्हाय. तू हायेस तवर नाव काढनार न्हाय. पन तू गेल्यावर? माजी पोरं एका खोलीत किती दिस झोपतील?"

त्याचं चुकत नव्हतं, हे लिहिलं पाहिजे. 

मावशीनं विळ्याचं पातं पदराला पुसलं. "मी गेल्यावर तुज्याच नावावर व्हनार. तवा ईक. मी काय उटून येनार न्हाय अडवायला. पन तवा मानसांना सांगू नको का मी दगूड इकला. गाय तुज्या हातानं आत नेलीस. तू बगितलंस."

ती उठली, गाईला उठवलं आणि दावं धरून मोरव्याच्या वाटेला लागली. एकदाही मागं वळली नाही.

मुलगा तिथंच कडेच्या दगडावर बसला. गाईला घेऊन तो गवतातून गेला होता, त्यामुळे गुडघ्यापासून खाली त्याची सगळी पँट कुसळांनी भरून गेली होती. ती झटकून जात नाहीत, एकेक उपटून काढावी लागतात. तो एकेक काढायला लागला. पार्टीच्या माणसानं स्कूटर चालू केली आणि हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. मुलानं मान वर केली नाही. काढलेली कुसळं तो फेकतही नव्हता, डाव्या तळहातावर गोळा करत होता. तिसऱ्या हॉर्ननंतर स्कूटर एकटीच निघून गेली.